उपासनेत सगळ्यांना 'आपलं' वाटावं म्हणून नेमकं काय करावं?

दुसरा बाक

सगळ्यांना सलाम.

बरेच दिवस मनात घोळतंय, आज धागा काढतेच. मी आमच्या चर्चच्या उपासना समितीत आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमची मंडळी म्हणजे एक मोठा गोतावळाच होता. एक भाषा, ठरलेली गीतं आणि ठरलेल्या बाकांवर ठरलेली माणसं. आता नोकरी-शिक्षणासाठी आलेले लोक धरले तर दर रविवारी निदान पाच मातृभाषांची माणसं चर्चमध्ये असतात. उपासनेत मात्र काडीचा फरक पडलेला नाही. नवी माणसं मागच्या दोन बाकांवर बसतात आणि आशीर्वाद झाला रे झाला की निघून जातात. काही दोन-तीन रविवार येतात, मग दिसेनाशी होतात.

समितीत चर्चा झाली तेव्हा एक जण म्हणाले, वर्षातून एक 'बहुभाषिक रविवार' करू, सगळे आपापल्या पोशाखात येतील, छान होईल. दुसऱ्यांचं म्हणणं, त्यांना दुपारची वेळ द्या, त्यांच्या भाषेत त्यांची उपासना त्यांना करू दे. तिसरे म्हणाले, चर्चचं दार उघडंच आहे की, आणखी काय करायचं? मला तिन्हींत काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाहीये. तुमच्याकडे काय करतात? काय फसलं तेही सांगा.

घंटानाद

पहिला! आता वाचतो.

पेटीवाला

स्पष्ट बोलतो, राग नसावा. चर्च म्हणजे काय विमानतळ आहे, की प्रत्येक सूचना चार-चार भाषांत द्यायची? गेल्या वर्षी आमच्याकडे हाच उत्साह आला होता. पाच गीतांची तीन झाली, आणि त्या तिनातलं एक असं निवडलं की ना जुन्यांना येत होतं ना नव्यांना. शब्द पडद्यावर आणि चाल हवेत. मी तीनदा सूर दिला. शेवटी आख्खं गीत मी एकट्याने म्हटलं आणि मंडळी माझ्याकडे बघत उभी राहिली.

जी गीतं म्हणत आमची आजी गेली ती गीतं म्हणजे आमचं घर आहे. पाहुण्यांसाठी भिंती पाडायच्या का?

घंटानाद

काका, एकट्याने गायलात म्हणजे तो सोलो झाला. लोक त्याचं मानधन घेतात. :)

फादरांचा भाचा

पेटीवाला काका, आमच्या कॅथलिक घरात हाच वाद दोन पिढ्या चाललाय. आजोबांना लॅटिन मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, पाठ होती. अर्थ किती कळायचा ते देव जाणे, पण ती त्यांची होती. 4 डिसेंबर 1963ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, उपासनाविधीचा दस्तऐवज 2147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला आणि लोकभाषेला दार उघडलं. 7 मार्च 1965ला खुद्द पोप सहावे पॉल यांनी रोममधल्या एका धर्मग्रामात इटालियन भाषेत मिस्सा केली. त्याच दस्तऐवजात असंही म्हटलंय की श्रद्धेच्या गाभ्याला धक्का लागत नसेल तिथे सगळीकडे एकच साचा लादण्याची चर्चची इच्छा नाही.

आजोबा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "माझी मिस्सा काढून घेतली." नव्यांना जागा करून देताना जुन्या माणसाच्या हातातलं काहीतरी सुटतं. त्यामुळे काकांची तक्रार मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

तळटीप

भाच्याने 1963पासून सुरुवात केली म्हणून थोडं मागे जातो.

863च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मध्य युरोपातल्या मोराव्हियात स्लाव्ह लोकांकडे गेले. त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली आणि त्या भाषेत उपासना सुरू केली. लगेच विरोध झाला: देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत होऊ शकते! पुढे ल्यूथरने 1526मध्ये जर्मन भाषेतला उपासनाविधी काढला. अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांतलं चोविसावं कलम तर सरळ सांगतं की लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणं देवाच्या वचनाविरुद्ध आहे.

थोडक्यात, आज आपण जिला 'आपली जुनी परंपरा' म्हणतो ती कधीतरी कुणाच्या तरी मते खपवून न घेण्याजोगी नवी टूम होती.

घंटानाद

'थोडक्यात' हा शब्द वाचून डोळे पाणावले.

दुभाषी

मी आमच्या चर्चमध्ये सहा वर्षं संदेशाचं, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाचं, भाषांतर करते आहे, म्हणून व्यवहारातलं थोडं सांगते.

पाळकांच्या शेजारी उभं राहून वाक्यामागून वाक्य सांगितलं की वीस मिनिटांचा संदेश चाळीस मिनिटांचा होतो. ज्यांना दोन्ही भाषा कळतात त्यांना तो दोनदा ऐकावा लागतो आणि लहान मुलं बाकाखाली जातात. वर आमच्या पाळकांना अनुप्रासाचा भारी सोस. एकदा त्यांचे तीन मुद्दे होते: पाप, पश्चात्ताप, पुनरुत्थान. माझ्या भाषांतरात तिन्ही शब्द तीन वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू झाले. मग पाळक हसत म्हणाले, "पाहा, तिन्ही 'प'वरून!" ते वाक्य मी काय सांगणार? मी सांगितलं, "तिन्ही महत्त्वाचे आहेत." अर्धी मंडळी हसत होती आणि उरलेली अर्धी गंभीरपणे मान डोलावत होती.

आता आम्ही सहलींचे मार्गदर्शक वापरतात तसला संच घेतलाय. मी मागच्या खोलीत छोट्या माइकवर हळू आवाजात बोलते आणि ज्यांना हवं ते कानाला रिसीव्हर लावतात. वेळ वाचतो. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रिसीव्हर लावलेला माणूस लांबूनच ओळखू येतो, आणि काहींना नेमकं तेच नको असतं. दुसरी म्हणजे पाळकांकडून संदेशाचा कागद गुरुवारपर्यंत हातात आला नाही तर मी जे बोलते त्याला भाषांतर म्हणवत नाही.

दुसरा बाक ताई, तुमच्याकडे कुणी भाषांतर करत असेल तर आधी तिला विचारा, तिला स्वतःला उपासना मिळते का. मला कित्येक महिने मिळाली नव्हती. तोंडाने देवाचं वचन आणि डोक्यात फक्त क्रियापदं. आता आम्ही तिघी आळीपाळीने करतो.

पेटीवाला

कानाला रिसीव्हर लावून देवाचं वचन! पौलाला काय वाटलं असतं?

तळटीप

पौलाला आवडलं असतं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 14 वाचा. परभाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणं त्याला जास्त पसंत होतं. आणि अर्थ सांगणारा कुणी नसेल तर मंडळीत गप्प बसा, असंही त्याच अध्यायात आहे.

घंटानाद

पाच शब्दांचा संदेश! ही सूचना आमच्या पाळकांपर्यंत कशी पोचवू?

उपरा

हा धागा वाचूनच सभासद झालो. तुमच्या मागच्या बाकावर बसतो ना, तो मी. म्हणजे तुमच्याच चर्चमधला नव्हे, पण तसाच.

मी जिथे राहतो तिथल्या चर्चमध्ये माझ्या भाषेची चारच माणसं आहेत. लोक वाईट नाहीत, उलट फार प्रेमळ आहेत. दरवर्षी त्यांचा बहुभाषिक रविवार असतो. आठवडाभर आधी एक बाई हौसेने फोन करतात: पोशाख घालून या, तुमच्या भाषेतली चार वचनं वाचा. पहिल्या वर्षी भरून आलं. दुसऱ्या वर्षी बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की उरलेल्या एकावन्न रविवारांपैकी एकाही रविवारी मला कुणी काही वाचायला सांगितलेलं नाही. त्यांची भाषा मला उत्तम येते. त्याच भाषेत मी नोकरी करतो. पण माझ्याकडून त्यांना ऐकायची होती ती फक्त न कळणारी भाषा.

दुसरी गोष्ट नावाची. आजाऱ्यांसाठी विनंत्या होतात तेव्हा माझ्या वडिलांचं नाव दर वेळी वेगळं उच्चारलं जातं. एकदा तर वाचणाऱ्याने मध्येच थांबून हसत "हे काही मला जमायचं नाही" म्हटलं आणि सगळे हसले. मीसुद्धा हसलो. वडील तेव्हा अतिदक्षता विभागात होते.

पेटीवाला काका पाहुण्यांसाठी भिंती पाडायच्या का म्हणाले. काका, मी तिथे नऊ वर्षं जातोय. नऊ वर्षं राहिलेल्याला तुमच्याकडे पाहुणा म्हणतात का? इफिसकरांस पत्रात आपल्याला 'परके आणि उपरे' नव्हे, 'देवाच्या घरचे' म्हटलंय. पाहुण्याला बसा म्हणतात, हवं-नको विचारतात, निघताना दारापर्यंत सोडतात. घरच्याच्या हातात किल्ली असते. आमच्या चर्चच्या किल्ल्या सहा जणांकडे आहेत. ते सहा जण कोण असतील ते ओळखा.

दुसरा बाक

उपरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला काय खटकत होतं ते आता कळलं. आमच्या समितीत आम्ही सात जण आहोत आणि सातही एकाच भाषेचे.

फादरांचा भाचा

ताई, सात म्हटल्यावर प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 आठवला. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतच भाषेवरून कुरबूर झाली होती. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी 'ग्रीक रविवार' केला नाही, सात माणसं नेमली. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, सगळ्यांसाठीचं वाटप त्यांच्याच माणसांकडे सोपवलं.

तळटीप

भर घालतो: त्या काळी पॅलेस्टाइनमधल्या कित्येक यहुद्यांची नावंही ग्रीक असत, त्यामुळे नुसत्या नावांवरून सातही जण ग्रीकभाषिक होते असं ठामपणे म्हणता येत नाही. पण मुद्दा मान्य.

घंटानाद

तळटीपला 'मुद्दा मान्य' म्हणताना याआधी कुणी पाहिलंय का?

पेटीवाला

उपरा, तुमच्या वडिलांच्या नावाचं वाचून वाईट वाटलं. पाहुणे हा शब्द मी सहज वापरला, तो मागे घेतो.

पण गाण्याचा प्रश्न उरतोच. किल्ली देता येते, चाल कशी द्यायची? चाल तोंडात बसायला वर्षं लागतात. आणि भाषांतर केलेली गीतं गाताना जीभ अडखळते हे मी चाळीस वर्षं वाजवून सांगतोय. 'प्रभू'तल्या 'भू'वर सम यायला हवी तिथे 'च्या'वर येते.

मंद्र

पेटीवाला काकांशी संगीताच्या बाबतीत शंभर टक्के सहमत, आणि प्रकरण याहून अवघड आहे. काही भाषांत सुराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो. आफ्रिकेतली योरुबा तशी आहे. मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चाली तशाच ठेवून त्यांवर योरुबा शब्द बसवले तेव्हा चाल वर गेली की शब्दाचा अर्थच बदलायचा. म्हणजे श्रद्धेने म्हणायचं एक आणि ऐकणाऱ्याला कळायचं भलतंच. तिथल्या संगीतकारांनी पुढे भाषेच्या सुराबरोबर चालणाऱ्या स्वतःच्या चाली बांधल्या.

उपाय म्हणून फ्रान्समधल्या तेझेच्या समुदायाकडे बघा. ब्रदर रॉजर यांनी तो 1940मध्ये सुरू केला. पुढे तिथे निरनिराळ्या देशांतले तरुण लोटू लागले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला: एकत्र गायचं काय? उत्तर म्हणून एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची गीतं आली. यातली बरीचशी झाक बेर्तिए यांनी बांधली. तिसऱ्या आवर्तनाला नवखा माणूस गुणगुणतो आणि पाचव्याला पुस्तक मिटतो. काका, तुम्ही तर पेटीवर एक ओळ दहा वेळा घोळवू शकता. कल्पना आपल्याला नवी थोडीच आहे? अभंग-भजन ऐकत वाढलेल्या माणसाला धृपद कशासाठी असतं ते सांगावं लागत नाही.

आणि एक नियम सगळ्या समित्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा: एका रविवारी नवं गीत एकच. तेच सलग चार रविवार. पाचव्या रविवारी ते नवं राहत नाही.

पेटीवाला

एक गीत, चार रविवार. हे पटलं.

घंटानाद

आमचा किस्सा. समितीने खर्च वाचवायला साप्ताहिक पत्रिकेचं भाषांतर मोबाइलवरच्या भाषांतरयंत्राकडून करून घेतलं आणि वाटून टाकलं. उपासनेला आमच्याकडे बोलताना 'सर्व्हिस' म्हणतात. पत्रिकेत त्या लोकांच्या भाषेत छापून आलं की रविवारी सकाळी नऊला सर्व्हिसिंग होईल आणि सर्वांनी सहकुटुंब यावं. एक गृहस्थ खरोखरच प्रवेशद्वारात विचारत होते, गाडी कुठे लावायची.

पण गंमत पुढेच आहे. त्या गृहस्थांनी त्याच दिवशी पत्रिका तपासून द्यायचं काम मागून घेतलं. आज तीन वर्षं ते करतायत. चुकीच्या भाषांतराने आमच्याकडे जितकं काम केलं तितकं स्वागत समितीने केलेलं नाही.

निःशब्द

थोडं अवांतर वाटेल. माझा मुलगा कर्णबधिर आहे. भाषांची यादी करताना खुणांची भाषा कुणाच्या लक्षात येत नाही. ती हातवाऱ्यांनी केलेली नक्कल नाही, तिला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. आमच्या चर्चमध्ये खुणांची भाषा येणारी एक तरुणी आहे. ती पहिल्यांदा पुढे उभी राहिली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तिच्यामुळे लक्ष विचलित होतं." तिला बाजूच्या खांबाजवळ उभं केलं, आणि तिथे उजेड नव्हता. मुलगा मला खुणेने म्हणाला, "देव अंधारात बोलतोय."

पुढे एक बल्ब लावला गेला. समितीच्या तीन बैठका झाल्या त्यासाठी.

उपरा

बल्बसाठी तीन बैठका. हे वाक्य मी आमच्या समितीत वापरणार, परवानगी असावी.

निःशब्द

खुशाल वापरा.

चौथी पिढी

सगळे एकत्र उपासनेच्या बाजूने बोलताहेत म्हणून मी मुद्दाम उलटं बोलते. ताईंच्या समितीतल्या दुसऱ्या सूचनेला, म्हणजे वेगळ्या भाषेतल्या उपासनेला, इतकं कमी लेखू नका. माणूस दुसऱ्या भाषेत नोकरी करेल, भांडेल, विनोदसुद्धा करेल. पण आई गेल्यावर त्याला ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत त्याला प्रार्थना करावीशी वाटते. ते त्याच्याकडून 'एकतेच्या' नावाखाली काढून घेणं हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे. परक्या मुलखात आमच्या पणजोबांनी स्वतःच्या भाषेची छोटी उपासना सुरू केली नसती तर आमचं कुटुंब चर्चमध्ये टिकलंच नसतं.

पुढे काय झालं तेही सांगते. तिसऱ्या पिढीला ती भाषा धड येईना. माझी आई संदेशात कंटाळून वाचनाचं पुस्तक घेऊन बसायची. मुलं आईबापांच्या चर्चमध्ये परकी आणि मोठ्या चर्चमध्ये त्यांची ओळख नाही. वेगळी उपासना कराच, पण दोघांमधलं दार कुलूपबंद करू नका. महिन्यातून एकदा तरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, एकाच मेजावर हवं.

फादरांचा भाचा

'एकाच मेजावर'ला दुजोरा. 1960मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले होते की रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतल्या सर्वांत विभागलेल्या तासांपैकी एक आहे. तिथे भाषा एकच होती, गीतंही बरीच सारखी, तरी काळ्यांची आणि गोऱ्यांची चर्चं वेगळी. म्हणजे भाषांतर झालं की काम झालं, असं नाही.

साक्षेपी

सगळं छान चाललंय, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. कुठपर्यंत? प्रत्येक संस्कृतीतलं सगळंच वेदीपाशी आणायचं का? उद्या कुणी म्हणेल आमच्याकडे बायका बोलत नाहीत, आमच्याकडे अमक्यांबरोबर एका पेल्यातून पीत नाहीत. तेही स्वागतार्ह?

तळटीप

चांगला प्रश्न. लुथरन वर्ल्ड फेडरेशनने 1996मध्ये नैरोबीत उपासना आणि संस्कृती यांवर एक निवेदन काढलं, ते नेमकं याचसाठी उपयोगी आहे. त्यात म्हटलंय की उपासनेत काही गोष्टी सगळ्या संस्कृतींच्या पलीकडच्या असतात: वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. काही त्या त्या मातीतल्या असतात. काही बाबतींत उपासना संस्कृतीला सरळ विरोध करते. आणि काही गोष्टी एका संस्कृतीने दुसरीकडून घेतलेल्या असतात. साक्षेपींचा पेल्याचा मुद्दा तिसऱ्यात बसतो. करिंथमध्ये श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने 'ही तुमची संस्कृती' असं म्हटलं नाही, चांगलं खडसावलं.

मात्र विरोधाची ही चाळणी फक्त नव्यांच्या संस्कृतीला लावायची नसते. आपल्यालाही लावायची असते. आपापले राखीव बाक त्या चाळणीतून पडतात का ते पाहा.

फादरांचा भाचा

मातीतलं म्हणजे काय त्याचं उदाहरण देतो. तेव्हाच्या झाईरेतल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या धर्मप्रांतांसाठी रोमने 1988मध्ये मिस्साविधीचं वेगळं रूप मंजूर केलं. त्यात संतांबरोबर सदाचारी पूर्वजांनाही हाक मारतात, वेदीभोवती लयीत नाचतात, आणि पश्चात्तापाचा विधी सुरुवातीला न होता प्रवचनानंतर होतो. आधी देवाचं ऐका, मग आपलं काय चुकलं ते कळेल, हा क्रम मला आमच्या नेहमीच्या क्रमाइतकाच सयुक्तिक वाटतो. 1 डिसेंबर 2019ला पोप फ्रान्सिस यांनी खुद्द सेंट पीटर्समध्ये तशी मिस्सा केली.

घंटानाद

आमच्याकडे कुणी नाचलं तर आधी दम्याचा पंप शोधावा लागेल. सरासरी वय बघा.

दुभाषी

सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलताहेत, एक बिनखर्चाची सांगते. प्रभूची प्रार्थना.

आमच्याकडे ती दर रविवारी प्रत्येक जण आपापल्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने म्हणतो. पहिल्या रविवारी गोंधळ होईल असं वाटलं होतं. झालाही. पण कान देऊन ऐकलं तर मजा कळते. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'ला सगळे बरोबर निघतात. रोजच्या भाकरीपाशी येईपर्यंत फाटाफूट झालेली असते. काही भाषा लांबलचक आहेत, काही चटकन संपतात. ज्यांची आधी संपते ते उभे राहून इतरांसाठी थांबतात. मागे एका आजींची सगळ्यांत शेवटी संपते, कारण त्या सावकाश म्हणतात. सगळी मंडळी त्यांच्यासाठी थांबलेली असते. आणि मग 'आमेन' एकत्र. तो शब्द हिब्रूतला, बहुतेक सगळ्या भाषांनी जसाच्या तसा उचललेला, त्यामुळे तिथे कुणाला भाषांतर लागत नाही.

मी माइक बंद करून आत येते ती त्या दोन मिनिटांसाठी.

चौथी पिढी

पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशीही, तेच झालं ना? सगळ्यांना एक भाषा यायला लागली असं कुठेच लिहिलेलं नाही. पार्थी, मेदी, एलामी, प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं.

साक्षेपी

हे उद्याच सुचवतो आमच्याकडे.

मंद्र

एक व्यावहारिक सूचना राहिली. गीतांची भाषांतरं करून पडद्यावर टाकताना हक्कांचं पाहा. गीतावर कुणाचा हक्क असेल तर भाषांतरालाही परवानगी लागते. आणि पडद्यावर शब्द दाखवताना मूळ भाषेचे शब्द ओळखीच्या लिपीतही द्या. लिपी येत नसली तरी माणूस गाऊ शकतो.

दुसरा बाक

पाच आठवड्यांनी परत येते आहे, उशिराबद्दल माफ करा. धागा समितीत वाचून दाखवला. (पेटीवाला काका, तुमचा सोलो गाजला.) ठरलं असं की काही करायच्या आधी मागच्या बाकावरच्यांना घरी जाऊन भेटायचं आणि फक्त विचारायचं. नऊ कुटुंबांना भेटलो.

एका मुलीबद्दल आमची सगळ्यांची समजूत होती की ती बुजरी आहे. आईबरोबर येते, अगदी शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात. तिला विचारलं, पुढे का बसत नाहीस? ती म्हणाली, आईला भाषा येत नाही, मी संदेश तिच्या कानात सांगत असते. पहिल्या रविवारी आम्ही चौथ्या बाकावर होतो. पुढच्या बाई दोनदा वळून बघत होत्या. मग मागे गेलो.

मी दुसऱ्या बाकावर बसते असं नावातच लिहिलंय. त्या वळून बघणाऱ्या बाई तिसऱ्या बाकावर होत्या, एवढंच काय ते समाधान. पण माझ्यापुढे कुणी कुजबुजलं असतं तर मीही त्याच नजरेने बघितलं असतं.

तुम्हाला काय हवंय, असं विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, रविवारी कोणती वचनं वाचणार ते आधी कळलं तर बरं होईल. आई घरी तिच्या बायबलमधून वाचून येईल. बस, एवढंच मागितलं. पोशाख, वेगळा रविवार, रिसीव्हर, यातलं काहीच नाही.

आता शुक्रवारी संध्याकाळी वचनं मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर जातात. गेल्या रविवारी त्या दोघी सहाव्या बाकावर होत्या. आईच्या मांडीवर तिचं पुस्तक उघडं होतं आणि ती वाचणाऱ्याच्या एक ओळ पुढे होती.

समितीत दोन जागा रिकाम्या केल्यात, एक माझी. त्या मुलीला विचारलंय, ती विचार करून सांगते म्हणाली. बहुभाषिक रविवार सध्या रद्द. दुपारच्या उपासनेबद्दल दोन कुटुंबांनी हो म्हटलं, सात कुटुंबांनी नको म्हटलं. त्यावर अजून वाद चालू आहे.

उपरा

जागा सोडलीत हे विशेष. किल्ल्यांचं काय?

दुसरा बाक

किल्ल्यांची बैठक पुढच्या आठवड्यात. बल्बपेक्षा कमी बैठका लागाव्यात.

पेटीवाला

वचनं शुक्रवारी टाकता तशी गीतंही टाका. चालीसकट. मी आमच्याकडे सुरू केलंय, गुरुवारी रात्री पेटीवर एकेक कडवं वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि पाठवतो. गेल्या रविवारी नवं गीत होतं. दुसऱ्या कडव्यापासून मागच्या बाकांवरून आवाज आला.

घंटानाद

म्हणजे काकांचा सोलो बंद?

पेटीवाला

बंद.